आठशे, सोळाशे आणि घरची भाकर

दिवाळी सरली की आमच्या गावाबाहेरच्या डांबरी रस्त्यावर पहाटे पाचपासून पावलं वाजायला लागतात. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी. धुवारीत माणूस दिसत नाही. आधी धाप ऐकू येते, मग बूट, मग अंगावरून कुणीतरी निघून जातं. शाळेत सव्वीस वर्षं मी पीटी शिकवली. निवृत्तीला चार वर्षं झाली, तरी तो आवाज कानी पडला की अंथरुणात राहवत नाही. शाल घेऊन फाट्यापर्यंत जाते आणि कोण कसं पळतंय ते बघत उभी राहते. या वेळी सदराला आलेली वाचकांची पत्रंही बहुतेक त्याच रस्त्यावरची वाटली. नावं कुणाचीच देत नाही, पत्रं थोडक्यात दिली आहेत.

मॅडम, माझं वय १९. पहाटे रनिंग करते, नंतर आईसोबत कापूस वेचायला जाते. आठशे मीटर ३ मिनिटं २० सेकंदांत बसते. पंधरा दिवसांपासून दुसऱ्या राउंडला डोळ्यांपुढे अंधारी येते, मांड्या-पोटऱ्या दगडासारख्या होतात. वजन कमी झालं की टायमिंग सुधारतं असं ग्राउंडवर सगळे सांगतात, म्हणून रात्रीचं जेवण बंद केलं आहे. दोन महिन्यांपासून पाळी आली नाही. रनिंगमुळे असं होतं का?
(वाचक मुलगी, ता. आर्णी, जि. यवतमाळ)

पोरी, आज रात्री जेव. पुढचं उत्तर जेवून झाल्यावर वाच.

तू लिहिलेला दिवस मी कागदावर मांडून पाहिला. साडेचारला उठणं, कोरा चहा, पाच किलोमीटर धाव. नऊ ते पाच वाकून वेचणी. दुपारी धुऱ्यावर दीड भाकर आणि चटणी. घरी आल्यावर पाणी, भांडी, आणि रात्री काहीच नाही. एवढ्या कामाला एवढं अन्न पुरत नाही. अन्न पुरेनासं झालं की शरीर काटकसर सुरू करतं, आणि बाईच्या अंगात ती पाळीपासून सुरू होते. मागोमाग हाडं कच्ची होतात, नडगीत बारीक चीर पडते, सर्दी-ताप पाठ सोडत नाही. टायमिंग सुधारणं दूरच, ते घसरत जातं. पाळी थांबायला इतर कारणंही असतात, म्हणून दवाखान्यात हीच गोष्ट पहिली सांग. डॉक्टरांना सांगायची लाज वाटली तर सिस्टरला सांग, पण सांग.

हलकं व्हा म्हणजे पळाल, हे मीही ऐकलं होतं. मग अमरावतीला श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात शिकायला गेले. १९१४ पासूनचं ते मैदान. तिथे मल्लखांबाच्या आणि कुस्तीच्या पोरांना जेवताना पाहिलं. मेहनत करणारं माणूस दुसऱ्यांदा वाढून घेताना इकडेतिकडे पाहत नाही, हे मी तिथे शिकले. आपल्या घरांत मुली पाहतात. आधी बाप-भाऊ जेवतात, मग आई आणि तू. तोवर भाजीच्या गंजात नुसता रस्सा उरलेला असतो.

आता अंधारीबद्दल. उद्याच प्राथमिक आरोग्य केंद्रात जा आणि दोन तपासण्या करून घे, हिमोग्लोबिन आणि सिकलसेल.

पहिलीचं कारण साधं आहे. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या दर शंभर बायकांमागे ५४ जणींना रक्त कमी निघालं. तुझ्या वयाला हिमोग्लोबिन १२ च्या खाली म्हणजे कमी. प्राणवायू पायांपर्यंत नेणारं रक्तच कमी असेल, तर दुसऱ्या राउंडला पाय साथ सोडणारच.

दुसरीबद्दल जास्त लिहिते. विदर्भातल्या पोरांनी ही तपासणी केल्याशिवाय ग्राउंडवर उतरूच नये असं माझं ठाम मत आहे. सिकलसेल आई-बापाकडून येतो. रक्तातल्या तांबड्या पेशी गोल असायच्या, त्या प्राणवायू कमी पडला की विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि बारीक शिरांत अडकतात. एकाकडून आला तर माणूस वाहक, म्हणजे एएस. दोघांकडून आला तर रुग्ण, म्हणजे एसएस. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर, आपलं यवतमाळ, तिकडे मेळघाट, सगळीकडे तो आहे आणि कुण्या एकाच समाजात आहे असंही नाही. जुलै २०२३ पासून तर केंद्र सरकारची त्यासाठी देशभर मोहीम सुरू आहे.

माझ्या वर्गात नववीत एक मुलगा होता. डिसेंबरात सकाळच्या तासाला धावायला लावलं की तो मध्येच गुडघे धरून खाली बसायचा. मी त्याला सगळ्यांसमोर कामचोर म्हटलं. एकदा शिक्षा म्हणून दोन राउंड जास्तीचे दिले. त्या रात्री त्याला दवाखान्यात न्यावं लागलं, हाडाहाडांतून कळा येत होत्या. एसएस निघाला. जानेवारीत मी त्याच्या घरी गेले तेव्हा तो अंगणात उन्हात खाटेवर बसला होता आणि त्याची आई गरम पाण्याच्या बाटलीनं त्याच्या मांड्या शेकत होती. मला पाहून तो खाटेच्या माचव्याला धरून उठायला लागला. मॅडम आल्या म्हणून. त्याच्या आईनं त्याला खांद्याला धरून खाली बसवलं आणि मला चहा विचारला. मी काय बोलले ते आठवत नाही. पुढची सगळी वर्षं जून महिन्यात हजेरीपट घेऊन मी स्वतः पोरांना तपासणीला नेलं.

तू वाहक निघालीस तर घाबरू नकोस. वाहक माणसं धडधाकट जगतात, धावतातही. फक्त काही गोष्टी जन्मभर पाळायच्या. सराव हळूहळू वाढवायचा. पहिल्याच दिवशी जीव तोडून टायमिंग काढायचं नाही. दोन वेगाच्या धावांमध्ये श्वास पूर्ण जागेवर येऊ द्यायचा. पाणी कमी पडू द्यायचं नाही, अंगात ताप असला की धावायचं नाही. धावताना पाय एकाएकी गळाले किंवा फार दुखायला लागले तर तिथल्या तिथे थांबायचं, कुणी कितीही ‘चल, चल’ ओरडलं तरी. एसएस निघालीस तर डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय एकही राउंड नाही. थंडी, गार पाण्याची आंघोळ आणि तहान, तिन्हींनी एसएसच्या माणसाला कळा सुरू होतात. लोहाच्या गोळ्याही रिपोर्ट पाहून डॉक्टर देतील तेव्हाच घे. मेडिकलमधून मनानं आणू नकोस.

आता जेवण. हे आईला वाचून दाखव. ताई, तुमच्या घरात नाही असं मी काहीच सांगत नाही. पोरीनं उठल्यावर मूठभर फुटाणे आणि गुळाचा खडा खावा, नाहीतर एक केळं, आणि अर्ध्या तासानं धावायला जावं. आल्यावर तासाभराच्या आत दुधात कुस्करलेली भाकर, किंवा भाकर आणि दोन उकडलेली अंडी. धुऱ्यावर न्यायला तीन भाकरी, हरभऱ्याची नाहीतर मेथीची भाजी, जवसाची चटणी, आणि एक लिंबू किंवा दोन आवळे. लिंबू-आवळा विसरू नका. भाजीतलं लोह आंबटासोबत अंगी लागतं आणि चहासोबत वाया जातं, म्हणून जेवणानंतर तासभर चहा नको.

आणि तुरीच्या शेंगा. वावरात कापसाच्या ओळींमध्ये तूर उभी आहे आणि तुम्ही तिच्या शेजारी बसून चटणी-भाकर खाता, याचं मला वाईट वाटतं. माझी आई डिसेंबरात रोज संध्याकाळी गंजभर शेंगा मीठ घालून उकडायची. वरून परात झाकून तिच्यावर दगड ठेवायची. झाकण काढलं की घरभर तो हिरवा, मातकट वास. आम्ही चौघं भावंडं चुलीभोवती बसून दाताखाली शेंग धरून ओढायचो आणि टरफलांचा ढीग गाईसमोर टाकायचो. त्याला कुणी प्रथिनं म्हणत नव्हतं, पण ती प्रथिनंच होती. रात्री डाळ, भात, भाकर, सोल्यांची भाजी. आणि ताई, पोरीचं ताट सगळ्यांसोबत वाढा, मागाहून नको.

सरावाबद्दल थोडंच. रिपोर्ट येईपर्यंत वेगाचं काम बंद. नंतर वेचणीच्या दिवशी फक्त वीस मिनिटं, बोलता येईल इतकंच सावकाश पळ. वाकून आठ तास वेचणं हाही सरावच आहे, तो हिशेबात धर. बाजाराच्या दिवशी वेचणी नसते, तो दिवस वेगाचा. आठशेला पूर्ण २० गुण हवेत तर २ मिनिटं ५० सेकंद लागतात, म्हणजे ४०० मीटरचा राउंड ८५ सेकंदांत. तुझा आज १०० चा आहे. २०० मीटर ४५ सेकंदांत, मग दोन मिनिटं चालणं, असं सहा वेळा कर. अंग भरलं की त्याच ४५ चे ४३ होतील. पाळी परत सुरू झाली की मला कळव.

मी १६०० मीटर ५:४० मध्ये काढतो. जिममधले सर म्हणतात प्रोटीन पावडरशिवाय ५:१० होणार नाही. डबा महाग आहे, बाबांना मागायचं जिवावर येतं. मित्र कच्ची अंडी दुधात टाकून पितात, तसं करू का? घरी तीन एकर सोयाबीन आहे. वजन ५५ किलो.
(वाचक, ता. मंगरूळपीर, जि. वाशीम)

बाबांना मागू नकोस, गरजच नाही. ५५ किलोच्या धावणाऱ्या मुलाला दिवसाला साधारण ६५ ते ८५ ग्रॅम प्रथिनं लागतात. दोन वेळच्या मिळून चार भाकरी, त्यातून पंचवीसएक ग्रॅम येतात. दोन वाट्या घट्ट वरण, बारा-तेरा. पन्नास ग्रॅम फुटाणे, दहा. मूठभर फल्लीदाणे (शेंगदाणे), सात. दोन अंडी, बारा. दोन कप दूध, दहा. बेरीज कर, झाले पंच्याहत्तरच्या वर. डब्यातला एक मोठा चमचा चोवीस-पंचवीस ग्रॅम देतो, तेवढं पन्नास ग्रॅम सोयाबीन वड्यांतही असतं आणि वड्या किराणा दुकानात मिळतात.

तुझ्या पत्रातलं सोयाबीनचं वाक्य मी दोनदा वाचलं. तीन एकरांचं सोयाबीन काढायचं, सगळं मार्केट यार्डात नेऊन घालायचं, आणि पोरानं प्रोटीनचा डबा कुठून आणू म्हणून विचारायचं. घरी दोन पायल्या ठेवायला सांग. सोयाबीन कच्चं मात्र कधी खायचं नाही, कच्चं पचत नाही, त्यातली प्रथिनं अंगी लागत नाहीत. आधी वीस मिनिटं चांगलं उकळायचं, उन्हात कडक वाळवायचं, मग नऊ किलो गव्हामागे एक किलो घालून दळायचं. पोळीची चव फारशी बदलत नाही, मी स्वतः करते.

अंडी उकडूनच खा. शिजलेल्या अंड्यातली प्रथिनं कच्च्यापेक्षा कितीतरी जास्त पचतात आणि कच्च्यातून जुलाबाचे जंतू पोटात जाण्याची भीती असते. ग्राउंडच्या आदल्या दिवशी पोट बिघडलं तर वर्षाची मेहनत गेली.

५:१० म्हणजे प्रत्येक राउंड साडेसत्त्याहत्तर सेकंदांत. तू पहिला राउंड ७० मध्ये काढून तिसऱ्यात मरत असशील, तुझ्या वयाची बहुतेक पोरं तेच करतात. घड्याळ घेऊन चारही राउंड सारखे पळायला शीक. कुणी इंजेक्शन घे म्हणालं तर त्या माणसाची संगत त्याच दिवशी सोड.

मुलगा पहाटे चारला एकटाच जंगलाच्या रस्त्यानं पळायला जातो. आमच्याकडे वाघ आहे. ऐकत नाही. म्हणतो भरतीचं ग्राउंड सकाळीच असतं.
(एक आई, ता. ब्रह्मपुरी, जि. चंद्रपूर)

ताई, त्याला हे उत्तर दाखवा. बाळा, उजाडायच्या आधी त्या रस्त्यावर पाऊल टाकायचं नाही. जानेवारीत सूर्य पावणेसातच्या सुमारास निघतो. सात वाजता शाळेच्या मैदानावर चार जण मिळून पळा, नाहीतर दुपारी चारनंतर. संध्याकाळी केलेला सराव सकाळच्या ग्राउंडला उपयोगी पडतो, शेवटचे पंधरा दिवस सकाळी सात वाजता धावलं तरी अंगाला वेळेची सवय होते. बुटाची लेस बांधायलाही झुडपाच्या कडेला वाकून बसू नको.

आमच्याकडे धानाच्या बांधीत लाखोळी होते, घरी तीच डाळ रोज. पाय अधू होतात असं ऐकलं. धावणाऱ्यानं खावी का?
(वाचक, ता. लाखांदूर, जि. भंडारा)

ऐकलंत ते खरं आहे. लाखोळीत एक विषारी घटक असतो. कधीमधी खाल्ली तर काही होत नाही, पण महिनोन्महिने तीच मुख्य अन्न झाली तर पायांच्या नसा कायमच्या आखडतात. दुष्काळात जिथे लाखोळीशिवाय काही नव्हतं तिथे असं घडलेलं आहे. म्हणून रोज नको. आठवड्यात एखाद-दोन वेळा, गरम पाण्यात रात्रभर भिजवून ते पाणी फेकायचं, मग भरपूर पाण्यात उकळून तेही पाणी ओतून टाकायचं आणि मगच फोडणी द्यायची. बाकीचे दिवस तूर, हरभरा, मूग. लाखोळीच्या पानांची भाजी आवडत असेल तर तीही अधूनमधूनच.

थंडी इतकी की आम्ही रस्त्यावर शेकोटी करतो, अंग तापलं की लगेच पळतो. पळताना छातीत सू-सू वाजतं आणि खोकला येतो.
(तीन मित्र, जि. गोंदिया)

शेकोटीनं कातडी तापते, पाय तापत नाहीत. त्यात पहाटेच्या थंड हवेत धूर वर जात नाही, जमिनीलगत पसरून राहतो आणि तुम्ही तोच ओढत पळता. शेकोटी बंद करा. घरातच पाच मिनिटं जागच्या जागी पळा, मग दहा मिनिटं रस्त्यावर दुडक्या चालीनं, मग वेग. नाकातोंडावर सुती रुमाल सैल बांधा, श्वास जरा कोमट होऊन आत जातो. आतली सुती बनियन घामानं ओली होऊन गार पडते, तिच्याऐवजी खेळाचा पातळ टीशर्ट घाला, वर स्वेटर, कानाला टोपी. धाव संपल्याबरोबर कोरडे कपडे. एवढं करूनही सू-सू वाजत राहिलं तर दमा आहे का ते डॉक्टरांकडून तपासून घ्या. तपासून औषध घेतलं तर दमा असलेली माणसंही पळतात. आणि तहान लागत नाही म्हणून पाणी सोडू नका. तोंडातून निघणारी वाफ म्हणजे अंगातलं पाणीच आहे. लघवी पिवळी गर्द झाली तर पाणी कमी पडलंय असं समजा.

वय ४८. मुलगा भरतीची तयारी करतो, त्याच्यासोबत मीही पळायला लागलो. घरची संत्र्याची बाग आहे. पण बायको मुलाला थंडीत संत्री आणि जाम (पेरू) खाऊ देत नाही, सर्दी होते म्हणते.
(शेतकरी वाचक, ता. वरूड, जि. अमरावती)

भाऊ, तुमचं पत्र वाचून फार आनंद झाला. मुलासोबत पळणारा बाप मी सव्वीस वर्षांत दोनदाच पाहिला.

सर्दी विषाणूनं होते, एकाची दुसऱ्याला लागते. संत्र्यानं होत नाही. वहिनींची भीती जुनी आहे, तिच्यावर वाद घालू नका. दुपारी उन्हात, बागेतच बसून खा, म्हणजे त्यांचंही समाधान. रस काढू नका, फोडी खा, चोथा पोटाला हवा असतो. धावून आल्यावर दोन संत्री आणि मूठभर फल्लीदाणे, याच्यापेक्षा चांगला नाश्ता मला तरी माहीत नाही. जाम पिकलेला असावा, बियांसकट चावून खा.

पण मुलाच्या वेगानं पळू नका. आधी बीपी आणि शुगर तपासा. पहिले सहा आठवडे दोन मिनिटं पळणं, दोन मिनिटं चालणं, एवढंच, आठवड्यातून तीन दिवस. फवारणीचा पंप दिवसभर पाठीवर असेल त्याच्या दुसऱ्या दिवशी सुट्टी. छातीत दाब आला, डाव्या हातात किंवा जबड्यात दुखलं तर घरी जाऊन बघू असं म्हणू नका, तिथूनच थेट दवाखाना. आणि बूट मुलाचे जुने घालू नका. तुमच्या मापाचे वेगळे घ्या, दुपारनंतर घ्या, तोवर पाय थोडा सुजलेला असतो, आणि अंगठ्यापुढे बोटभर जागा सोडा.